तीनबाइटची चूक

माझ्या भावाला ऑफिसात सगळे तीनबाइट म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं, आणि वर त्याला ते आवडायचंसुद्धा, आता काय बोलावं अशा माणसाला. कुणी नवीन माणूस नोकरीला लागला की दादा पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि सुरू व्हायचा. "इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपलं अक्षर तीन बाइट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, त्यांचे आणखी तीन-तीन. जागा धरताना अक्षरं मोजायची नाहीत, बाइट मोजायचे." समोरचा मान हलवायचा आणि दादाची पाठ वळली की हसायचा.

मी औषधाच्या दुकानात काम करते. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगत असतो. सांगू दे. आई-वडील गेल्यावर दादाने मला वाढवलं, आणि वाढवताना त्याच्या तोंडात दुसरा विषयच नसायचा. त्यामुळे या एका गोष्टीपुरतं मला कळतं.

गोष्ट अशी आहे. त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम बनवते. रक्ताच्या नळ्यांवर पेशंटच्या नावाची लेबलं चिकटवतात ना, ती छापणारा प्रोग्राम त्यातलाच. मशीनच्या पोटात पेशंटचं नाव ऐसपैस ठेवलेलं असतं, प्रत्येक अक्षराला सारखीच मोठी जागा, मग ते कुठल्याही लिपीचं असो. त्याला वाइड कॅरेक्टर म्हणतात. पण प्रिंटरला हा थाट परवडत नाही. त्याला तेच नाव बाइटांच्या सलग ओळीत लागतं, ज्या अक्षराला जितके हवेत तितकेच बाइट. ते मल्टिबाइट. पहिल्यातून दुसऱ्यात नाव नेणारं फंक्शन दादाने सी भाषेत लिहिलं, कंपनी दोन खोल्यांची होती तेव्हा. पुढे कंपनीने मजले घेतले, काचेची दारं बसवली, पण प्रत्येक नाव शेवटी जायचं ते दादाच्याच फंक्शनमधून. त्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, फोटो काढायला उभा राहिला नाही. मिरवण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

म्हणून आधीच सांगून टाकते. त्याची नोकरी गेली याचं मला वाईट वाटलं, पण तेवढं नाही. नोकऱ्या जातात. त्याचं नाव गेलं, आणि ते मला परत आणायचं होतं. त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझा नवरा दादानेच आणला. म्हणजे ऑफिसात तो दादाच्या हाताखाली होता. चलाख, बोलायला गोड, कपड्यांना कायम इस्त्री. दादाने त्याला काम शिकवलं, मग सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला आणायला लागला, मग एकदा पंखा पुसता पुसता स्टुलावरूनच मला म्हणाला, "मुलगा बरा वाटतो. तुला कसा वाटतो?" मलाही बरा वाटला. दोघांचेही डोळे फुटले होते.

त्या ऑफिसची एक पद्धत होती. प्रोग्राममध्ये बदल केला की कुणी केला त्याचं नाव मशीनमध्ये राहतं. पण दादा एकटाच होता त्या काळात आत शिरायला दादाचंच नाव आणि पासवर्ड होता, आणि पुढे माणसं वाढली तरी सगळे त्याच नावाने आत जात राहिले. वेगळी नावं करायची म्हणजे कुणीतरी बसून करायला हवी ना. दादा म्हणायचा, करू की, काय घाई आहे. घरचीच माणसं आहेत.

घरची माणसं म्हणजे माझा नवरा. एका संध्याकाळी तो खुशीत घरी आला. चहा घेताना म्हणाला, "आज तुझ्या दादाच्या प्रोग्राममधली अडगळ काढली. बरीच साफसफाई केली."

मी म्हटलं, "दादाला विचारलंस?"

"यात विचारायचं काय? सुरुवातीला एक ओळ होती, लोकेल सेट करायची. काहीच करत नव्हती ती. काढली, चालवून बघितलं, व्यवस्थित चालतंय. ते जुनं खोड आहे ग, एकदा लिहिलं की हात लावू देत नाही कुणाला. आज दादा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते म्हणून बरं."

मी आणखी काही विचारलं नाही. मला वाटलं, असेल अडगळ.

ती ओळ काय करायची ते मला नंतर दादाने सांगितलं. प्रोग्राम सुरू होताना मशीनला आधी सांगावं लागतं की बाबा, इथे कुठल्या लिपीचे नियम चालतात. नाही सांगितलं तर सी भाषा आपलं जुनं घोडं पुढे दामटते, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं. मग वाइडमधून मल्टिबाइटमध्ये नाव नेताना इंग्रजी नाव सुखरूप पार पडतं, आणि आपल्या लिपीतलं नाव आलं की पहिल्या अक्षरालाच ते हात वर करतं. नवऱ्याने तपासलं होतं ते इंग्रजीत टाकलेल्या नावांवर. ऑफिसात सगळेच तसं करायचे, कारण इंग्रजीत पटकन टाइप होतं. टेस्टिंगला सुद्धा तसंच गेलं आणि तसंच पास झालं.

हॉस्पिटलात मात्र नावं दोन्ही प्रकारची यायची. बदललेला प्रोग्राम तिथे बसवला त्या सकाळी इंग्रजीत लिहिलेलं एक नाव आलं, त्याचं लेबल बरोबर निघालं. पुढचं नाव आपल्या लिपीतलं होतं. ते पार पडलंच नाही, आणि लेबलावर आधीच्याच माणसाचं नाव पुन्हा छापून आलं. खाली नंबर बरोबर होता, पण गर्दीच्या वेळी नंबर कोण बघतं? मी रोज काउंटरवर उभी असते, मला विचारा. माणूस नावच वाचतो. कुणाच्या तरी लक्षात येऊन प्रिंटर बंद करेपर्यंत अर्धी सकाळ गेली होती. बहुतेक नळ्या परत घेता आल्या. एका बाईची नाही आली. तिचं रक्त पातळ ठेवायचं औषध दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवरून वाढवलं गेलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

बातमी कळली तसा मला आठवला तो चहा. नवऱ्याला म्हटलं, "ती तू काढलेली ओळच का?" त्याने मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाला, "मी सांगणार आहे. परवा चौकशीची मीटिंग आहे, त्यात सांगतो. तू डोक्याला ताप देऊ नकोस."

मी तशीच उठून दादाकडे गेले. तो वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत, दोरीवरच्या ओल्या कपड्यांखाली, कॉम्प्युटरपुढे बसला होता. दाढी वाढलेली.

"दादा, ती ओळ त्याने काढली. मला त्याने स्वतः सांगितलंय."

"मला माहीत आहे," दादा म्हणाला. "माझ्या नावाने बदल झालाय आणि त्या वेळी मी दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलो होतो."

"मग सांग की तसं."

"सांगून काय? ओळ गेली म्हणून नाव पार पडलं नाही, ठीक आहे. पण पार पडलं नाही तर प्रोग्रामने थांबायला हवं होतं. तो का थांबला नाही?"

"का नाही थांबला?"

"माझ्यामुळे." तो एकदम शांतपणे बोलत होता, शिकवताना बोलायचा तसा. "रूपांतर फसलं की उत्तर उणे एक येतं. मी लिहून ठेवलं होतं, उत्तर शून्याहून कमी असेल तर थांब. पण ते उत्तर ज्या जातीच्या आकड्यात ठेवलं जातं, त्या जातीत उणे आकडा नसतोच. तिथे उणे एक गेला की त्याचा प्रचंड मोठा आकडा होतो. शून्याहून कमी तो कधी दिसणारच नाही. दारावर मी जो राखणदार उभा केला होता, तो पहिल्या दिवसापासून आंधळा होता. आणि नाव ठेवायची जागा एकच. तेव्हा मेमरी कमी असायची म्हणून तीच पुन्हा पुन्हा वापरत होतो, मधे पुसत नव्हतो. पुसली असती तर निदान कोरं लेबल निघालं असतं. कोऱ्या लेबलाने कुणाचं काही बिघडत नाही."

"अरे, पण इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं ना?"

"कारण ती ओळ होती."

"तेच म्हणतेय मी मघापासून."

तो हसला. खरंच हसला तो, आणि मला त्याचा इतका राग आला की समोरचा पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला. मी म्हटलं, "तू बोलणार नसशील तर मी जाते उद्या तुझ्या साहेबाकडे."

तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. "तुला माझ्या गळ्याची शपथ. ऑफिसात जाऊन तोंड उघडायचं नाही. तुला त्याच घरात राहायचंय. आणि तो सांगेल ग. मी शिकवलंय त्याला."

तो सांगेल. दादाचा हा विश्वास म्हणजे त्याच्या त्या राखणदाराचा सख्खा भाऊ होता.

चौकशीचा अहवाल साहेबांनी लिहायला दिला माझ्या नवऱ्याला. प्रोग्रामची सगळ्यात जास्त माहिती दादाखालोखाल त्यालाच, म्हणून. त्याने तो आमच्याच घरी बसून लिहिला, आणि तो अंघोळीला गेल्यावर मी वाचला. खोटा शब्द शोधून सापडला नसता. मूळ कारण काय, तर चुकीच्या पद्धतीने लिहिलेली अट आणि न पुसलेली जागा, दोन्ही अमुक माणसाने लिहिलेली. ती ओळ? तीही होती. "प्रोग्रामच्या सुरुवातीच्या भागात बदल झाला होता." झाला होता. आपोआप. नखं वाढतात तसा.

मीटिंगमध्ये काय झालं ते नवऱ्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही, हे विशेष. अहवाल दादापुढे सहीसाठी ठेवला. दादाने खिशातून चष्मा काढला, पहिल्यापासून वाचला आणि एका ठिकाणी थांबला. नवऱ्याने लिहिलं होतं, रूपांतर फसल्यावर जागा रिकामी राहते. दादा म्हणाला, "हे चुकलंय. रिकामी नाही राहत. होती तशी राहते, म्हणूनच आधीचं नाव छापलं गेलं." पेन मागून घेतलं, ते वाक्य खोडलं, वर नीट अक्षरात बरोबर वाक्य लिहिलं. म्हणजे त्याच्यावरचा आरोप जिथे जरा ढिला पडला होता तिथे त्याने तो स्वतःच्या हाताने आवळून दिला. मग सही केली.

"आणि तू?" मी विचारलं. "तू बोललास?"

"वेळच आली नाही. दादांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी मधे बोललो असतो तर त्यांचाच अपमान झाला असता."

अपमान. मी ताटं उचलली. त्यानंतर त्या घरात मी कामापुरतं बोलत आले आहे, आणि त्याला त्याचं फारसं काही वाटत असेल असं दिसत नाही.

दादाला काढलं. त्याची खुर्ची माझ्या नवऱ्याला दिली. दादा दुसरीकडे विचारायला गेला तर त्या धंद्यातली माणसं सगळी एकमेकांना ओळखणारी. फोनवरच विचारायचे, "तुम्ही तेच ना, लेबलवाले?" हा म्हणायचा, हो. एकदा त्या आजारी बाईच्या घरी गेला. मला न सांगता. दार तिच्या मुलीने उघडलं, तर यानेच सांगितलं की लेबलचा प्रोग्राम माझा होता. तिने विचारलं, "म्हणजे ते तुम्हीच?" तिथेही हा हो म्हणून आला. तिने दार लावून घेतलं. दादा मला म्हणाला, "बरोबरच आहे तिचं." मी म्हटलं, बरोबर आहे, फक्त माणूस चुकलाय. हल्ली तो एका क्लासमध्ये टायपिंग शिकवतो. बाइटचं कुणाला काही सांगत नाही.

ऑफिसातल्या लोकांबद्दलही त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. कुणी रस्त्यात दिसून न बघितल्यासारखं करून गेलं की म्हणायचा, "त्यांना काय माहीत? त्यांनी जो अहवाल वाचला त्यावरून ते वागणार. त्यांचा काय दोष?" त्याला एवढा एकच आधार होता. आणि मलाही. कारण मी मनाशी धरून चालले होते की लोकांना माहीत नाही म्हणून हे असं आहे. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी दादाचं नाव परत त्याच्या जागी येईल. खरं काय ते फक्त आम्हा तिघांजवळ आहे, आणि ते बाहेर काढायची वेळ मी ठरवणार आहे.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने ऑफिसातल्या दोघांना दुपारी जेवायला बोलावलं. एक टेस्टिंगवाली बाई, दादाच्या वेळेपासूनची, मला वहिनी म्हणणारी. दुसरा हॉस्पिटलांत जाऊन प्रोग्राम बसवून देणारा, वर्षभरापूर्वी लागलेला. मी पानं घेतली. गप्पा ऑफिसच्याच. तो बसवून देणारा कुणाची तरी फजिती सांगत होता, की नव्या माणसाने एक फंक्शन लिहिलं, फसलं तर काय करायचं ते बघितलंच नाही, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर प्रोग्राम कोसळला. "अगदी तीनबाइटची चूक केली त्याने," तो म्हणाला आणि माझा नवरा हसला.

मी विचारलं, "कसली चूक?"

टेस्टिंगवालीने त्याला कोपर मारलं, पण त्याला बिचाऱ्याला काय कळणार. तो मला समजावून सांगायला लागला. "आमच्याकडे म्हणतात तसं, वहिनी. पूर्वी एक जण होते, त्यांच्या चुकीने एक पेशंट कायमची अंथरुणाला खिळली. तेव्हापासून असलं काही झालं की तीनबाइटची चूक. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात." त्याने नवऱ्याकडे बोट केलं. "सरच शिकवतात."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. तो मी खाली ठेवला. शपथ ऑफिसात तोंड न उघडण्याची होती, आणि हे माझं घर होतं.

मी म्हटलं, "तीनबाइट माझा सख्खा भाऊ आहे. आणि ज्या ओळीने ते सगळं झालं ती ओळ तुमच्या सरांनी काढली. दादाच्या नावाने आत शिरून, दादा नसताना. त्याच संध्याकाळी घरी येऊन मला ऐटीत सांगितलं, अडगळ काढली म्हणून."

तो नवीन माणूस घास हातात धरून तसाच बसला. नवऱ्याने मान वर केली नाही. मी टेस्टिंगवालीकडे बघितलं, कारण मला वाटलं, तिला धक्का बसेल, ती उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगेल, आणि मग होईल सगळं सरळ. ती पानातलं मीठ बोटाने सारखं करत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ते माहीत आहे सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना. ओळ काढली त्या दुपारी दादा रजेवर होते, हे हजेरीतच दिसत होतं."

"साहेबांना?"

"साहेबांना तर पहिल्याच दिवशी. पण प्रोग्राम पुढे चालवायला कुणीतरी तरुण हवं होतं त्यांना. आणि दादांनी स्वतःच सही केली. मग कोण कशाला मधे पडेल?"

"तुम्ही तर इतक्या वर्षांच्या. तुम्ही का नाही पडलात?"

"मी सगळ्या टेस्ट इंग्रजी नावं टाकून केल्या होत्या, वहिनी."

मग त्या नव्या माणसाने, त्यालाच काय ते कळायचं बाकी होतं, नवऱ्याला विचारलं, "पण मग सर, अजून आपण तिला तीनबाइटची चूक का म्हणतो?"

"पडलं नाव ते पडलं," नवरा म्हणाला. "आता काय बदलत बसायचं? जेवा, गार होतंय."

आणि ते जेवले. मी आत जाऊन दार लावून घेतलं, तर बाहेर आधी चमचे वाजले, मग हळूहळू बोलणं सुरू झालं, आणि थोड्या वेळाने कुणीतरी हसलंही.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेले. त्याने चहा टाकला. सांगायला म्हणूनच गेले होते. तो म्हणाला, काल बाजारात टेस्टिंगवाली बाई लांबून दिसली, ओळख न दाखवता निघून गेली. "तिला तरी काय माहीत," तो म्हणाला आणि कप माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हो ना रे, तिला काय माहीत." आणि चहा प्यायले.